कोलंबसाची एकादशी

"वालचंदनगरला बघण्यासारखं काय आहे?" असं मी स्वारगेटला विचारलं तेव्हा बायको म्हणाली, "माझी आत्या." आणि एसटीत खिडकीची जागा पकडून झोपली.

मला जेवताना पदार्थांचं कूळ सांगायची सवय आहे. समोर वडापाव आला की १९६६ साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी लावलेल्या गाडीपासून मी सुरू होतो. मग पाव पोर्तुगीजांचा, बटाटा पेरूचा (देश, फळ नव्हे; पण पेरू हे फळही अमेरिकेतूनच आलेलं), असं करत करत वडा गार होतो आणि समोरचा उठून जातो. लग्नाच्या पंगतीत माझ्या डावी-उजवीकडचे पाट शेवटी भरतात. घरातून निघताना बायकोनं बजावलं होतं, "आत्याकडे आषाढी आहे. तिथे फक्त खायचं."

जेजुरी खिडकीतून पिवळी दिसली, मोरगाव झोपेत गेलं. बारामतीला मोरोपंतांनी एकशे आठ रामायणं लिहिली म्हणतात. मला तिथे पुढच्या गाडीची पाटी वाचायलाही उसंत मिळाली नाही. त्यानंतर नुसता ऊस. ऊस, ऊस, शाळा, ऊस, बेलवाडी. तुकोबांची पालखी इथलं रिंगण आटोपून केव्हाच पंढरपूरच्या वेशीला लागली होती. मग जंक्शन नावाचं गाव आलं, जिथे एकही आगगाडी थांबत नाही. तिथून वळलं की वालचंदनगर.

इथे मला थोडं बोलू द्या, कारण बायको झोपलेली आहे. १९३०च्या आसपास आपल्या चहात जी पांढरी साखर पडायची ती बरीचशी जावा बेटावरून यायची. १९३२ साली सरकारनं बाहेरच्या साखरेवरच्या जकातीचा कायदा करून देशी कारखान्यांना आडोसा दिला, आणि जागोजाग धुराडी उठली. सोलापूरचे वालचंद हिराचंद तोवर बोरघाटात बोगदे खणून आणि समुद्रात आगबोटी सोडून मोकळे झाले होते. त्यांनी कळंबच्या माळावर नीरा कालव्याच्या पाण्यानं ऊस वाढवला आणि साखर कारखाना काढला. पुढे तिथेच साखर कारखान्यांची यंत्रं बनू लागली आणि त्याहीपुढे इस्रोच्या रॉकेटांच्या मोटरची केसिंग. उसाच्या चरकापासून अवकाशापर्यंत मजल मारलेलं दुसरं गाव मला तरी ठाऊक नाही. बायकोचे आतोबा तिथल्याच शॉपमधून रिटायर झाले. घरातला प्रेशर कुकर ते अजून कानाला हात लावून, डोळे मिटून ऐकतात.

आता मूळ प्रकरण.

एकादशीच्या सकाळी आत्यांच्या ओट्यावर पातेलंभर साबुदाणा भिजलेला. भजनी मंडळाच्या बायका जेवायला यायच्या होत्या. कढईत तूप तापलं, जिरं तडतडलं, मिरच्या पडल्या आणि तो वास आल्यावर माझा ताबा सुटला.

"आत्या," मी म्हणालो, "गंमत माहितीये? ह्या खिचडीत आपलं असं फक्त तूप आणि मीठ आहे."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. तेव्हाच थांबायला हवं होतं, असं ती अजून म्हणते. पण गाडी उताराला लागली होती. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कसावा मूळचा ब्राझीलकडचा. आपल्याकडे त्याचे कारखाने तमिळनाडूत सेलमला निघाले तेच मुळी १९४० नंतर, महायुद्धात बाहेरचा साबुदाणा बंद झाल्यावर. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. मिरची तिथलीच, पोर्तुगीजांच्या गलबतातून उतरलेली. बटाटा पेरूचा. रताळं अमेरिकेचं. राजगिरा म्हणजे तर मेक्सिकोतल्या अझ्टेक लोकांच्या देवाचा नैवेद्य! १४९२ साली कोलंबस घरीच बसला असता तर आषाढीला महाराष्ट्रानं काय खाल्लं असतं?

स्वयंपाकघरात कढईचा आवाज तेवढा राहिला.

"मग उपासाला काय चालतं?" आत्यांनी विचारलं.

"तसं काटेकोर बघितलं तर वरई. शिंगाडा. सुरण. केळं, दूध, ताक."

"आणि वरईत दाण्याचं कूट?"

"नाही."

"मिरची?"

"मिरी चालेल."

आत्यांनी उलथनं खाली ठेवलं. पातेल्यातल्या साबुदाण्यात हात घातला, एक दाणा चिमटीत दाबून बघितला. म्हणाल्या, "साबुदाणा भिजलाय. भिजलेल्याला देश नसतो." आणि पातेलं कढईत उपडं केलं.

मी हुश्श करून पाटावर बसलो. माझ्यापुढे ताट आलं. त्यात वरईचा पांढरा ढीग, मिरी घातलेलं ताक आणि एक केळं.

"अहो आत्या, खिचडी?"

"जावईबापू, न कळता खाल्लं तर पाप लागत नाही. तुम्हाला तर सगळं कळलेलं आहे."

"पण मी तुम्हालाही सांगितलं की!"

"मला कुठं ऐकू आलं?" आत्यांनी पदराच्या टोकाला बांधलेलं श्रवणयंत्र काढून दाखवलं. "मशीन काढलेलं होतं."

शास्त्रार्थ म्हणून हे बिनतोड होतं. आतोबांनी तर जाहीर केलं की ते त्या वेळी बाथरूममध्ये होते. बायको म्हणाली, लग्नानंतर मी तुझं ऐकणं सोडलंय, सगळे साक्षीदार आहेत. राहिलो मी.

भजनी मंडळ आलं. बातमी त्यांच्याआधी कॉलनीत फिरून आली होती. एकेक बाई दारातूनच दोन्ही हात कानावर ठेवून आत येई आणि म्हणे, "जावईबापू, मला काही सांगू नका हं, सकाळपासून पोटात काही नाही." वऱ्हांड्यातून आत जायला माझ्यावरूनच वाट होती. एकीनं घाईत कानावरचा हात काढून चप्पल काढली, तेवढ्यात मी नुसतं "या" म्हणालो तर ती किंचाळली. मी कोपऱ्यात वरईचे घास मोजत बसलेलो. वरईला दाण्याची आमटी नसेल तर ती गिळताना माणसाला आपण घराला चुना लावतोय असं वाटतं.

दुपारी आतेमेहुण्याचा पोरगा जवळ येऊन बसला. इयत्ता चौथी, आवाज दबका.

"काका, रताळ्याचं सांगा ना."

"अमेरिकेतून आलं. का रे?"

"मोठ्यानं सांगा. आजीला वाटलं पाहिजे की मला कळलंय." तो थोडा थांबला. "आणि बटाट्याच्या वेफर्सचं सांगू नका."

संध्याकाळपर्यंत त्यानं कॉलनीतली पोरं आणली. प्रत्येकाला काही ना काही नको होतं. एकाला शिंगाड्याचं पिठलं टाळायचं होतं. शिंगाडा आशियातलाच आहे म्हटल्यावर तो माझ्याकडे असा बघत राहिला की जणू त्याच्या वडिलांची बदली मीच केली असावी.

दिवेलागणीला आतोबांनी मला बाहेर बोलावलं आणि खिशातून पानपसंदची गोळी काढून तळहातावर ठेवली. "घ्या. ही आपल्या शेठजींची." खरंच होतं ते. मालेगावजवळच्या रावळगावला वालचंदांनी वालचंदनगरसारखाच ऊस लावला, साखर काढली, आणि १९४२ पासून तिथे गोळ्या होऊ लागल्या. २०२४ मध्ये तो ब्रँड पाककृतींसकट सत्तावीस कोटींना रिलायन्सच्या कंपनीनं घेतला. पण इथून जवळच्या निमगाव केतकीत विड्याच्या पानांचे मळे असताना पानाची चव गोळीत कोंडून विकायचं मात्र रावळगावला सुचलं, हे मला इंदापूर तालुक्याच्या वतीनं खटकतं.

"उपासाला चालेल ना?" मी विचारलं.

"शेठ जैन होते," आतोबा म्हणाले. "उपास त्यांना तुमच्यापेक्षा कळत होता."

रात्री आत्या पायऱ्यांवर येऊन बसल्या. यंत्र कानात होतं. समोर अंधारात उसाची सळसळ चालली होती.

"ते अमेरिकेचं तुम्ही म्हणालात ना सकाळी," त्या म्हणाल्या. "बहात्तरला आम्ही अमेरिकेचंच खाल्लं. लाल मिलो. मी अकरा वर्षांची. आई दुष्काळी कामावर खडी फोडायची. तिथं सुकडी मिळायची, ती पदरात बांधून आणायची. मिलोची भाकरी थापली की फुटायची, तव्यावर टाकेपर्यंत हातात तुकडे. आई रडायची. आम्हाला वाटायचं भाकरी फुटली म्हणून रडतीय." मग बराच वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत. "पुढच्या वर्षी पाऊस झाला, जोंधळा आला. आईनं पहिली भाकरी आधी देवापुढं ठेवली, मग आम्हाला. जोंधळा तरी आपला आहे ना हो?"

ज्वारी आफ्रिकेची आहे. सुदान-इथिओपियाकडची, काही हजार वर्षांपूर्वी इकडे आलेली.

"आपलाच," मी म्हणालो.

आत बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचा हात थांबला. तिला ज्वारीचं माहीत आहे. आमच्या घरी भाकरी होते तेव्हा दर वेळी ऐकावं लागतं.

द्वादशीचं पारणं झालं आणि आतेमेहुण्याच्या गाडीतून आम्ही भिगवणमार्गे परत निघालो. उजनीच्या पाण्याकाठी आलं की मासे खाल्ल्याशिवाय पुढे जायचं नसतं, आणि आषाढ अमावस्येला अजून अवकाश होता. आतेमेहुण्यानं खात्रीच्या ठिकाणी गाडी लावली. वेटरनं विचारलं, "चिलापी फ्राय आणू?"

एकादशी सरली होती. देवाधर्माचा प्रश्न नव्हता. एका मत्स्यप्रेमीनं दुसऱ्याला सांगावं तसं मी वेटरला म्हणालो, "हा मासा आफ्रिकेचा, माहितीये का? १९५२ साली भारतात आणला."

वेटर आत गेला. आतून मालक फडक्याला हात पुसत आला.

"साहेब, फ्रोजन नाही वापरत आपण. सकाळी उजनीतून काढलेला आहे."

"नाही हो, मूळचा म्हणतोय मी."

"मूळचाच आहे. पण पाहुण्यांना संशय असेल तर मरळ आहे. जरा जादा पडेल."

मी काही बोलायच्या आत बायकोनं ऑर्डर सांगितली. "दोन प्लेट चिलापी. एक मला, एक ह्याला." ह्याला म्हणजे आतेमेहुण्याला. "आणि ह्यांच्यासाठी दहीभात. दही आणि तांदूळ तेवढे इथलेच आहेत, मी बघून घेतलंय."