लाल गरुडाचा सातबारा

फुकेतमध्ये आम्ही जागा बघितली ती पावसामुळे. जो नैऋत्येचा पाऊस कोकणात जूनमध्ये पोचतो, तो तिकडे मे महिन्यातच हजर असतो. आमचं पॅकेज एवढं स्वस्त का, याचा उलगडा विमानतळाबाहेर पाऊल टाकल्यावर झाला. करोनच्या किनाऱ्यावर लाल बावटे लागलेले, पाण्यात उतरायला बंदी. तेवढ्यात सर आली आणि आम्ही दोघं समोरच्या काचेच्या ऑफिसात आडोशाला शिरलो. आत एसी होता, गुबगुबीत सोफा होता आणि शहाळं फुकट होतं. निवृत्त माणसाला एवढं पुरतं.

टेबलावर अख्ख्या इमारतीचं मॉडेल मांडलेलं. टँकमध्ये निळंशार पाणी, काठावर अर्ध्या इंचाची माणसं. त्यातल्या एकालाही पोट नव्हतं. मला तिथेच शंका यायला हवी होती.

एजंट पोरगा गोड होता. किंमत म्हणाला, 'थ्री पॉइंट नाइन मिलियन.' मी मनातल्या मनात एकोणचाळीस लाख केले आणि एकदम श्रीमंत झालो. एवढ्यात डोंबिवलीतसुद्धा काही येत नाही! बायकोनं मात्र बँकेत बत्तीस वर्षं काढली आहेत.

"अहो, ते बाथ आहेत. अडीचनं गुणा."

साडेसत्त्याण्णव लाख. मी शहाळ्याची नळी तोंडातून काढली.

जागा पस्तीस चौरस मीटर, म्हणजे पावणेचारशे चौरस फूट. गिरगावात आम्ही सहा जण राहायचो ती खोली एवढीच होती, आणि समुद्र तिथूनही चालत पाच मिनिटांवर होता. पण त्या खोलीला कुणी 'सी-साइड स्टुडिओ' म्हटलं नाही, म्हणून आम्ही गरीब राहिलो.

मग मालकीचा विषय निघाला. थायलंडमध्ये परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही. फ्लॅट होतो, पण एका इमारतीतल्या एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी लोकांकडे जाऊ शकतं. या इमारतीतले ते ४९ टक्के म्हणे कधीच संपले होते. आमच्यासाठी उरला होता भाडेपट्टा. "काळजी नको, तीस अधिक तीस अधिक तीस. नव्वद वर्षं!" पोरगा बोटं नाचवत म्हणाला. बायकोनं चष्मा चढवून मसुदा वाचला. कायद्यानं एका वेळी नोंदवता येतो तो जास्तीत जास्त तीस वर्षांचा पट्टा. पुढची साठ वर्षं म्हणजे मालकाचा शब्द. तोही आज जो मालक आहे त्याचा.

"तुम्ही साठ. म्हणजे नव्वदाव्या वर्षी सामान आवरायला तुम्हाला परत इथे यावं लागणार," ती म्हणाली.

गिरगावात पागडीचा भाडेकरू नव्वद वर्षं राहतो, साठ रुपये भाडं देतो आणि त्याला ब्रह्मदेव हलवू शकत नाही. इथे कोटभर मोजून तीस वर्षांत गाशा गुंडाळायचा.

माझा चेहरा पडलेला पाहून पोरग्यानं जमिनीचा उतारा काढला. सगळ्यात पक्क्या मालकीच्या तिकडच्या कागदाला 'चानोट' म्हणतात आणि त्याच्या माथ्यावर लाल गरुड असतो. हिरव्या गरुडाचा कागद त्याच्या खालोखाल, काळ्या गरुडाचा त्याहून कच्चा. विष्णूचं वाहन बघून माझे हात आपोआप जोडले गेले. आमच्या राजापूरकडच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर गरुड नाही. तेवीस नावं आहेत, त्यातली नऊ वारलेली. ती जमीन सात पिढ्या आमचीच आहे आणि कुणालाही विकता येत नाही. इथली जमीन कुणीही विकत होतं आणि ती आमची होणार नव्हती.

शेवटचं अस्त्र म्हणजे तीन वर्षं सात टक्के भाड्याची हमी. बायको हसली. "हे किमतीत आधीच धरलेलं असणार. म्हणजे आपलेच पैसे आपल्याला हप्त्यानं." शिवाय हॉटेलचा परवाना नसताना तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीनं जागा भाड्यानं देणं तिथल्या कायद्यात बसत नाही. चार दिवसांसाठी येणारे आमच्यासारखे पाहुणे मग ठेवायचे कसे? यावर पोरग्यानं दुसरं शहाळं मागवलं.

संध्याकाळी हॉटेलात आंबा-भात पुढ्यात आला. (ज्यानं हापूस खाल्लाय त्यानं या वाटेला जाऊ नये.) खाता खाता बायकोनं भारताची बाजू मांडली. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, तेव्हा मर्यादेचा प्रश्न नाही. पण यासाठी आपल्याकडची बँक कर्ज देणार नाही. आणि दहा लाखांवरच्या रकमेवर वीस टक्के टीसीएस आधीच भरायचा. तिनं पेपर नॅपकिनवर मांडलं: साडेसतरा लाख. ते रिटर्न भरताना वळते होतात, पण तोवर सरकारजमा. पुढे दरवर्षी रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचा तक्ता भरायचा. विसरलात तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो. मी आयुष्यात गोरा पैसादेखील धड पाहिला नाही, आणि हे!

एक गोष्ट मात्र मनातून जाईना. पाऊस थांबल्यावर आम्ही त्या ऑफिसातून बाहेर पडलो तेव्हा दाराशेजारी खांबावर छोटंसं घर दिसलं. सोनेरी छप्पर, झेंडूची माळ, उदबत्ती. तिकडे बहुतेक इमारतींपुढे ते असतं. जमिनीच्या मूळ राखणदाराला आपण बेघर केलं, म्हणून त्याला हे घर. पुढ्यात लाल फँटाची उघडी बाटली, आत स्ट्रॉ. म्हणजे त्या अख्ख्या प्लॉटवर मुदतीचा पट्टा नसलेलं, समुद्र दिसणारं घर एकट्या राखणदाराला मिळालेलं, वर पेयपान.

पोरग्याचे मेसेज अजून येतात. आता तो पाच टक्के सूट देतो.

यंदा शिमग्याला गावी गेलो. आगराच्या कोपऱ्यात आमचा राखणदार दगडाखाली बसतो. त्याचं नाव सातबाऱ्यावर नाही, पण तेवीसांत त्याच्याशी भांडायची कुणाची छाती नाही. त्याला दरवर्षी नारळ आणि विडी. मी गुपचूप लाल फँटाही ठेवली, स्ट्रॉ घालून. चुलतभावानं गाऱ्हाणं घालताना एक डोळा उघडून बाटलीकडे पाहिलं, पण बोलला नाही.

सकाळी बाटली रिकामी होती. चुलतभावाचा नातू दिवसभर लाल जीभ काढून हिंडत होता.