‘पूर्ण मजकूर उपलब्ध’

विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या शोधखिडकीत लेखाच्या नावाखाली ‘पूर्ण मजकूर उपलब्ध’ असे लिहून येते. टिचकी मारली की सारांश उघडतो आणि त्याखाली डॉलरमध्ये किंमत. या ओळीचा मला मनापासून संताप येतो. लेख नसेल तर नाही म्हणा. नकार मिळाला की माणूस दुसरीकडे शोधायला तरी मोकळा होतो.

यामागचे कारण साधे आहे. वर्गणी ठरावीक प्रकाशकांची आणि ठरावीक वर्षांपुरती असते, पण शोधयंत्राची यादी त्याप्रमाणे कोणी सुधारत नाही. जेस्टोरसारख्या संग्रहात अनेक नियतकालिकांचे अलीकडच्या तीन ते पाच वर्षांचे अंक नसतातच. ती मुदत प्रकाशक ठरवतात. त्यामुळे १९७० सालचा लेख हाती येतो आणि त्याच विषयावरचा परवाचा लेख येत नाही.

नावांच्या स्पेलिंगचा जाच वेगळाच. रोमन लिपीत ‘पेशवा’ लिहिताना कोणी ‘डब्ल्यू’ वापरतो, कोणी ‘व्ही’. जुने इंग्रज लेखक मध्येच ‘आय’ घालतात. ‘मराठा’मध्ये तर ‘एच’ कुठे येईल सांगता येत नाही. एका स्पेलिंगने शोधले की बाकीचे सगळे लेख अंधारात. पर्यायी स्पेलिंगे एकमेकांना जोडून देणे हे ग्रंथालयशास्त्रातले जुनेच काम आहे. ते इथे का होऊ नये?

१ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना सुरू झाली. तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी शिक्षणसंस्थांना खुली झाली. फार चांगले झाले. पण वतन, महजर (जुनी निवाडपत्रे), देशमुखी यांवर काम करणाऱ्याला लागणारे कितीतरी लेख मराठीत आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली पुण्यात स्थापन झाले. त्याच्या त्रैमासिकाचे जुने अंक चाळल्याशिवाय या विषयांत पुढे सरकता येत नाही. ग्रंथालयाच्या तालिकेत अशा नियतकालिकाची नोंद एकच: नाव आणि उपलब्ध खंड. आतल्या लेखांची, लेखकांची नोंद नाही. ‘महजर’ टाइप करावे तर खिडकी रिकामी, आणि तो लेख त्याच इमारतीत बांधीव खंडात पडून. विद्यार्थी समजतो, या विषयावर कोणी लिहिलेलेच नाही. तसे तो प्रबंधात लिहूनही टाकतो. हे मला सर्वांत जास्त लागते, कारण ज्यांनी दप्तरे धुंडाळून, मोडी वाचून ते लेख लिहिले, त्यांचे नावही त्या प्रबंधात येत नाही.

प्रत्येक अंकाला अनुक्रमणिका असते. लेखक, शीर्षक, खंड, अंक, पृष्ठे एवढेच देवनागरीत आणि रोमनमध्ये टाइप करायचे आहे. ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून हे काम द्या, त्याचे मानधन द्या. पुढच्या महागड्या वर्गणीचा ठराव ग्रंथालय समितीपुढे येईल, तेव्हा त्याच बैठकीत हा खर्चही मंजूर करा.