स्कोप आहे!

तात्यांना तुम्ही ओळखता. तुमच्याकडे त्यांचं नाव अण्णा असेल, भाऊ असेल. पण दुसऱ्याच्या लग्नात जेवता जेवता केटररच्या नफ्याचा हिशेब मांडणारे गृहस्थ ते हेच. आमच्या तात्यांचा हिशेब जुन्या लाइटबिलाच्या पाठीवर चालतो आणि शेवटी एकच शेरा पडतो, ‘स्कोप आहे.’

मध्यंतरी त्यांचे सख्खे मावसभाऊ गेले. वैकुंठ स्मशानभूमीत आम्ही मान खाली घालून उभे. तात्या माझ्या कानाशी आले. मला वाटलं, गहिवरले. म्हणाले, “दीड तास माणसं उभी आहेत. घसा सुकलाय, पण इथे चहा मागायची लाज वाटते. जिथे माणूस मागायला लाजतो ना, तिथे स्कोप आहे.”

ही नजर म्हणे कमवावी लागते. त्यासाठी रोज सकाळी फिरताना रियाज. नियम एकच : जिथे सुतळीनं काही बांधलंय, तिथे थांबायचं. तिथे काहीतरी मोडलंय, लोकांच्या ते अंगवळणी पडलंय आणि दुरुस्त करणारा अजून उगवलेला नाही. टपरीची ताडपत्री, शाळेच्या व्हॅनचं दार, दवाखान्याची खिडकी. बँकेतल्या सुतळीला बांधलेल्या पेनापाशीही ते इतका वेळ थांबले की वॉचमननं हटकलं. आमच्या नळाची सुतळी पाहून तर त्यांचा चेहरा असा उजळला की बायकोनं त्याच दिवशी प्लंबर बोलावला.

कुणी हसलं की तात्या लिज्जत काढतात. “१९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेतले आणि गच्चीवर पापड लाटले. पापड घरोघरी लाटत होते, गच्च्या काय कमी होत्या? पण दिसलं कुणाला?” खरं आहे. पण त्या पोळपाट घेऊन बसल्या. तात्यांची मजल लाइटबिलापुढे जात नाही.

नोव्हेंबरात मात्र तात्या सापडत नाहीत. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत अशा आजी-आजोबांना ते हयातीच्या दाखल्यासाठी रिक्षानं बँकेत नेत असतात. झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र घेत नाही. तात्या रुमालानं एकेक बोट पुसतात, पुन्हा टेकवतात, पुन्हा पुसतात. या माणसाला इतका धीर असेल असं मला वाटलं नव्हतं. अशा सोबतीचे तासावर पैसे घेणाऱ्या कंपन्या आता पुण्यात निघाल्यात. तात्यांना हे त्यांच्या कितीतरी आधी दिसलं होतं.

“मग तुम्ही का नाही घेत पैसे?”

“छे! त्यात कसला स्कोप?”

यंदा त्यांची स्वतःचीच पेन्शन थांबली. अख्ख्या गल्लीला हयात ठरवण्याच्या गडबडीत त्यांचा दाखला राहिला. बँकेतून परतले ते मात्र खुशीत. “नोव्हेंबर संपला की रांगच नसते हो! आणि माझ्यासारखे विसरणारे किती असतील, विचार करा. त्यांना आठवण करून देणारं कुणीच नाही!”

आतून काकूंचा आवाज आला, “मग महिनाभर मी काय भिंतीला सांगत होते?”