पाठीवरची होडी

१८४०च्या दशकात ब्रिटिश नौदलात पीटर हॉल्केट नावाचा एक तरुण लेफ्टनंट होता. त्याने एक झगा तयार केला. रबर चढवलेल्या कापडाचा, पावसात घालून हिंडावं असा. मात्र वाटेत पाणी आडवं आलं की तो अंगातून काढायचा, भात्याने हवा भरायची आणि तीन-चार मिनिटांत त्याची होडी व्हायची. हातातल्या काठीला पातं बसवलं की वल्हं, आणि छत्री उघडली की शीड. सभ्य इंग्रज घराबाहेर पडताना जे जे सोबत घेतो, त्यातल्या एकाही वस्तूला त्याने नुसतं बसून खाऊ दिलं नाही. जुन्या चादरीचं पायपुसणं आणि पायपुसण्याचं फडकं करणाऱ्या आमच्या घराण्यात हा मनुष्य शोभला असता.

हॉल्केट नुसतं बोलून थांबला नाही. थेम्स नदीत होडी टाकून तो क्यूपासून वेस्टमिन्स्टरच्या पुलापर्यंत, आगबोटींच्या लाटा खात गेला आणि कोरडा बाहेर आला. मग त्याने नौदलाकडे रीतसर प्रस्ताव पाठवला. १८४५ मध्ये उत्तर आलं. त्याचा सारांश असा, की कल्पना फार हुशारीची आहे, शोधमोहिमांना ती कामी येईलही. परंतु नौदलाच्या नेहमीच्या सेवेत तिचा उपयोग नाही. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस आहे. ‘प्रस्ताव स्तुत्य आहे, तथापि’ अशी सुरुवात असलेल्या पत्रांवर मी सह्याही केल्या आहेत आणि तशी पत्रं मला आलीही आहेत. त्यामुळे हॉल्केटबद्दल वाचलं तेव्हा मला सहानुभूती नेमकी कुणाबद्दल वाटावी, हे ठरवायला वेळ लागला.

शोधमोहिमांना मात्र ती खरोखरच कामी आली. जॉन फ्रँकलिन १८४५ मध्ये आर्क्टिकला निघाला तेव्हा त्याने एक सोबत घेतली. तो आणि त्याची दोन्ही जहाजं परत आली नाहीत, पण त्यात होडीचा काही दोष नव्हता. पुढच्या वर्षी जॉन रे यानेही एक नेली. तो परत आला आणि त्याने तिचं कौतुक केलं. तसली एक होडी ऑर्कनी बेटांवरच्या स्ट्रॉमनेसच्या संग्रहालयात अजून आहे म्हणे.

हे सगळं मला माहीत असण्याचं कारण माझी भाची. ती सिएटलजवळ राहते, संगणकातलं काहीतरी करते आणि शनिवार-रविवारी डोंगर चढते. मी तिच्याकडे राहायला गेलो तेव्हा तिने हॉलच्या मधोमध एक गुंडाळी टाकली आणि म्हणाली, “मामा, ही होडी. परवा आपण ही पाठीवर घेऊन कोलचक तळ्यावर जायचं.”

“होडीतून तळ्यावर जायचं?” मी विचारलं.

“नाही. होडी घेऊन चालत जायचं. मग होडीत बसायचं.”

“आणि?”

“आणि उतरायचं. परत चालत यायचं.”

“उपयोग काय पण?”

हा प्रश्न मी विचारला असं म्हणणं तितकंसं बरोबर नाही. तो आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आपोआप बाहेर पडतो, शिंकेसारखा.

भाचीने वाद घातला नाही. तिने मला अलास्कातली गोष्ट सांगितली. १९८२ मध्ये तिथे होप ते होमर अशी रानावनातून पायी जायची शर्यत झाली. वाटेत नदी आली. तरणीबांड मंडळी त्या गारठ्यात पोहून जायची तयारी करत असताना डिक ग्रिफिथ नावाच्या पंचावन्न वर्षांच्या गृहस्थाने पिशवीतून एक लहानशी फुगवायची होडी काढली आणि आरामात पलीकडे निघून गेला. पॅकराफ्ट, म्हणजे पाठीवर नेता येणारी होडी, या प्रकाराचं नशीब तिथून उघडलं असं मानतात. पुढे शेरी टिंगे नावाच्या अलास्कातल्या बाईंनी, मुलाला रानात वापरायला धड होडी हवी होती म्हणून स्वतःच शिवणकाम हाती घेतलं आणि त्यातून कारखाना उभा राहिला. मुलाला स्वेटर विणून देणाऱ्या आया मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

ग्रिफिथचं वय सांगताना भाची माझ्याकडे पाहत होती. मी बूट कुठे आहेत ते विचारलं.

कोलचक तळं वॉशिंग्टन राज्यात, कॅस्केड पर्वतरांगेत आहे. उंची साधारण १,७०० मीटर. आपल्या कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर. म्हणजे आपल्याकडे जिथे देवीचं देऊळ येतं आणि डोंगर संपतो, त्याच्याही पन्नासेक मीटर वर इथे तळं आहे आणि डोंगर तिथून पुढे सुरू होतो. पायथ्यापासून साडेसहा किलोमीटरची वाट आणि सुमारे सातशे मीटरचा चढ. सिंहगड चढणाऱ्याला हे फार वाटू नये, पण सिंहगडावर दर वळणाला ताक मिळतं. इथे मिळतो तो फक्त समोरून उतरणाऱ्यांचा दिलासा. “आता जवळच आलंय,” असं ते हसून सांगतात. हे असत्य सर्व देशांतले लोक सर्व भाषांत बोलतात.

माझ्या पाठीवर चार तुकड्यांचं वल्हं, जीवरक्षक जाकीट, डबा आणि छत्री. भाचीच्या पाठीवर होडी. दोन माणसांची असून चार किलोही नसेल. छत्रीवरून आमचा गाडीत थोडा वाद झाला होता. आकाश निरभ्र होतं. पण छत्री निरभ्र आकाशातच घ्यायची असते. पाऊस सुरू झाल्यावर कोणीही घेईल.

पायथ्याच्या पाटीवर वनखात्याने नियम लिहिले होते. नियम वाचायची माझी जुनी सवय. १९७६ च्या कायद्याने हा सगळा मुलूख, सातशेच्या वर तळी असलेला, ‘आल्पाइन लेक्स वाइल्डरनेस’ म्हणून राखून ठेवला आहे. तिथे मोटार नाही, हे समजण्यासारखं आहे. सायकलही नाही. साधी एकचाकी ढकलगाडीसुद्धा नाही, कारण चाक आलं की यंत्र आलं. होडी मात्र चालते, कारण तिच्यात हलणारे भाग नाहीत. हे मला फार आवडलं. होडीतला हलणारा भाग फक्त मामा, आणि मामांना परवानगी आहे.

आणखी एक सूचना होती, ती बकऱ्यांविषयी. तिथल्या डोंगरी बकऱ्यांना मिठाचं वेड असतं आणि माणसाच्या लघवीत मीठ असतं. म्हणून माणूस झाडामागे गेला की त्या मागोमाग येऊन उभ्या राहतात. त्यासाठी वाटेपासून लांब, दगडावर जावं अशी विनंती. बाकी आयुष्यात आपण गेल्या ठिकाणी इतक्या आतुरतेने कुणी वाट पाहिल्याचं मला आठवत नाही.

चढाबद्दल फार लिहीत नाही. ओढ्यावरचा लाकडी साकव, मोठ्या धोंड्यांचा उतार, मग नागमोडी वाट आणि बरंचसं दम खाणं. एकदम झाडं बाजूला झाली आणि खाली तळं दिसलं. रंग हिरवा म्हणावा तर निळा. वरची हिमनदी खडक जात्यासारखी दळते, ते पीठ इतकं बारीक असतं की पाण्यात तरंगतच राहतं आणि उजेडातला हिरवा-निळा तेवढा परत पाठवतं. समोर ड्रॅगनटेल शिखराची भिंत तळ्यापासून जवळजवळ एक हजार मीटर सरळ वर गेलेली.

होडी फुगवायला पंप नव्हता. एक हलकी नायलॉनची पिशवी होती. तिचं तोंड वाऱ्याकडे धरून हवा पकडायची, तोंड मिटून गुंडाळायचं आणि कवटाळून ती हवा होडीत दाबायची. पुन्हा हवा पकडायची. आजूबाजूला डबे खात बसलेले लोक, मी रिकाम्या पिशव्या भरभरून छातीशी धरतोय हे मोठ्या आदराने पाहत होते. शेवटचा कडकपणा तोंडाने फुंकून आणायचा. मग होडी पाण्यात टाकली आणि पाच मिनिटांत ती पुन्हा मऊ पडली. “हवा गेली!” मी ओरडलो. “गेली नाही मामा, आकसली. पाणी बर्फाचं आहे.” शाळेत शिकलेला वायूंचा नियम असा बुडाखाली सिद्ध झालेला मी प्रथमच पाहिला.

पॅकराफ्टला कणा नसतो. उजवीकडून वल्हं मारलं की तोंड डावीकडे, डावीकडून मारलं की उजवीकडे. ‘नाही, नाही’ अशी मान हलवत ती पुढे जाते. आम्ही मधोमध पोचलो आणि वल्हं आडवं ठेवून बसलो. काठावरून तळं छान दिसत होतं. आता तळं दिसेना. कड्यावरची प्रत्येक चीर मात्र दिसत होती, आणि दर थोड्या वेळाने वर कुठेतरी दगड सुटल्याचा आवाज येई. काठावर माणसांच्या गप्पांत तो ऐकूच आला नव्हता.

दुपारी वारा सुटला. मी काही न बोलता छत्री उघडली. हॉल्केटसाहेबाची शपथ, होडी चालू लागली! शीड धरून बसलेल्या माणसाला जो रुबाब येतो तो मला आला. आम्ही जोरात निघालो, अर्थात वाऱ्याला जायचं होतं त्या बाजूला. भाचीने नंतर तासभर वल्हं मारलं, पण छत्रीबद्दल पुन्हा ब्र काढला नाही.

त्या वल्हवण्यात मला काठची रेघ दिसली. पाण्याच्या वर, सगळ्या तळ्याभोवती, दगडांचा एक फिका पट्टा. उभा जन्म जलाशय पाहण्यात गेलेल्या माणसाला असा पट्टा फसवत नाही. “अगं, हे पाणी कुणीतरी सोडतंय,” मी म्हणालो. “मामा, प्लीज, इथे तरी खातं नको.” तरी मी होडी पाणी बाहेर पडतं त्या टोकाला न्यायला लावली. होताच! तळ्याच्या तोंडाशी छोटासा बांध होता. ज्या तळ्यावर चाक नाही, इंजिन नाही, ज्याचे निर्मळ निसर्ग म्हणून फोटो निघतात, ते तळं सिंचनाच्या नोकरीत होतं. उन्हाळ्याच्या शेवटी खालच्या आइसिकल ओढ्याचं पाणी आटतं, तेव्हा इथलं सोडतात आणि ते कालव्याने नाशपातीच्या बागांना जातं. बांध १९७६ च्या कायद्याहून जुना, म्हणून पाण्याचे हक्क शाबूत. गाडीरस्ता नसल्याने दार उघडायला माणूस डोंगर चढून येतो. त्या अनोळखी कालवा निरीक्षकाबद्दल मला जे वाटलं ते भाचीला समजावता आलं नाही. एवढ्या मोठ्या पाण्यात त्या दिवशी बिनकामाचे असे आम्ही दोघेच होतो, आणि मला त्याचं काहीच वाटेना.

उतरताना गुडघ्यांनी काय काय ऐकवलं ते सोडून देतो. खाली लेव्हनवर्थ गावात आलो. लाकडाचा धंदा आणि रेल्वे गेल्यावर या गावाने १९६० च्या दशकात आपण जर्मनीतलं बव्हेरिया आहोत असं ठरवलं आणि सगळी दुकानं तशी रंगवली. शेजारच्या गावाचं नाव चक्क काश्मीरवरून ठेवलेलं आहे. तिथल्या फळांच्या दुकानातून नाशपाती घेतल्या. खात्याचं पाणी योग्य ठिकाणी पोचतंय याची खात्री केली पाहिजे. पोचत होतं.

घरी आल्यावर होडी वाळवायची होती. ओली गुंडाळली तर बुरशी धरते, आणि एका तळ्यातले जीवजंतू दुसऱ्या तळ्यात नेऊ नयेत म्हणूनही ती पूर्ण कोरडी करावी लागते. म्हणून ती पुन्हा फुगवून हॉलमध्ये ठेवली. भाचीचा मुलगा बालवाडीत आहे. तो थेट आत जाऊन बसला. हिचं काय करायचं, हे त्याने आम्हाला विचारलं नाही. जेवायला बोलावलं तर म्हणाला, “मी पाण्यात आहे.” भाचीने डोळे वटारले. मी त्याचं वरणभाताचं ताट घेतलं, चपला काढल्या आणि त्याच्या मागच्या जागेवर जाऊन बसलो.