अण्णांचा स्कोअर

अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला माणूस हॉस्पिटलमधून एकटा घरी येत नाही. त्याच्यासोबत फिजिओने घाईत दिलेली शिकवणी येते, व्यायामाच्या चित्रांचा झेरॉक्स कागद येतो आणि आठवडाभरात परदेशातल्या मुलाने मागवलेलं एक खोकं येतं. खोक्यात सेन्सरवाला हातमोजा निघतो, नाहीतर टीव्हीला जोडायचा खेळ. पूर्वी याच सुमारास एखादे मामा कबुतराचं रक्त चोळायचा सल्ला आणि कुठल्याशा गावच्या तेलाची बाटली घेऊन हजर व्हायचे. मामा अजूनही येतात. त्यांच्या तेलाला ब्लूटूथ नसतं, एवढाच काय तो फरक.

मग अण्णा टीव्हीसमोर बसतात. हात उचलायचा आणि पडद्यावरचं फुलपाखरू पकडायचं. पकडलं की चांदणी चमकते आणि आतली बाई किंचाळते, 'ऑसम जॉब!' उभी हयात लेखापरीक्षणात गेलेल्या, बॅलन्सशीट जुळली तरी 'ठीक आहे' एवढंच म्हणणाऱ्या माणसावर ही वेळ. सून स्वयंपाकघरातून विचारते, "अण्णा, आज किती पॉइंट झाले?" संध्याकाळी स्कोअरचा स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर पडतो. खाली सतरा अंगठे. अण्णांचा अंगठा अजून हलत नाही, ती गोष्ट वेगळी.

आता एक गंमत. २०१६ साली 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'मध्ये एक चाचणी छापून आली. कॅनडा, अर्जेंटिना, पेरू आणि थायलंडमधले १४१ रुग्ण. नेहमीची फिजिओथेरपी सगळ्यांनाच होती. वर जोड म्हणून निम्म्यांना निन्टेन्डो वीचे खेळ दिले आणि उरलेल्यांना पत्ते, बिंगो, जेंगा, चेंडू. दोन आठवडे, तासाभराची दहा सत्रं. हात दोन्हीकडे सुधारले. वीवाल्यांचा जास्त सुधारला असं मात्र दिसलं नाही. म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातला पत्त्यांचा कॅट जपानी यंत्राला पुरून उरला! पिसा, वाटा, बदाम सात लावा. शिवाय पत्त्यांत समोर नातू लागतो, तो हरल्यावर चिडतो आणि आणखी एक डाव मागतो. हे फीचर अजून कुठल्या ॲपमध्ये आलेलं नाही.

यात जादू काही नाही. मेंदूचा जो भाग गेला तो गेला. शाबूत भागांना ते काम नव्याने शिकवायचं, तर तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते. २००९ साली छापून आलेल्या एका पाहणीत कुणीतरी प्रत्यक्ष मोजलं, तेव्हा उपचाराच्या एका सत्रात हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी निघाल्या ३२. शेकडो कुठे आणि बत्तीस कुठे! हा मधला रटाळ मैल चालवून घेणं हेच यंत्राचं खरं काम. त्यासाठी फुलपाखरू चालतं, पत्ते चालतात, शेंगा सोलणंही चालतं. शेंगांचं सबस्क्रिप्शन विकता येत नाही, म्हणून त्यांची जाहिरात दिसत नाही.

वाचा गेलेल्यांची गोष्ट जास्त बोचरी. ब्रिटनमधल्या २७८ जणांच्या एका चाचणीत काहींनी सहा महिने घरी संगणकावर शब्दांचा सराव केला, तोही स्वतः निवडलेल्या शब्दांचा. सरावाचे शब्द पटापट आठवू लागले. गप्पा मात्र सुधारल्या नाहीत. साहजिक आहे. संगणक चित्र दाखवतो आणि थांबतो. आपल्याकडे अण्णांनी 'म... म...' केलं की तिघं जण एकदम "मीठ? मोबाइल? मळमळतंय?" ओरडतात आणि पुढच्या क्षणी मीठ वाढूनही मोकळे होतात. बोलायचं कधी?

डिजिटल उपचार सगळाच फुका, असं मात्र नाही. २०१९ साली अमेरिकेत १२४ रुग्णांवर पाहिलं, तर घरबसल्या खेळ-व्यायाम करणाऱ्यांचा हात दवाखान्यात जाणाऱ्यांइतकाच सुधारला. पण त्या पडद्याच्या पलीकडे थेरपिस्ट होता. निम्म्या सत्रांत तो व्हिडिओवर हजर असे. आमच्या खोक्यात नेमका तोच नसतो.

"मग घरचीच माणसं करून घेतील की," असं म्हणाल, तर तेही भारतात करून झालंय. १४ हॉस्पिटलं, १२५० रुग्ण, नातेवाइकांना व्यायामाचं रीतसर प्रशिक्षण. सहा महिन्यांनी पाहिलं, तर मृत्यू आणि परावलंबन जिथल्या तिथे.

उरला तो शिकलेला, अनुभवी, जिना चढून घरी येणारा फिजिओ. खोक्याचे चाळीस हजार डोळे मिटून भरणारं घर याच्यापुढे मात्र खडबडून जागं होतं. "मॅडम, पाचशे जरा जास्तच होतात हो. आणि रोज कशाला? आठवड्यातून एकदा या ना. बाकीचे दिवस मशीन आहेच."