उंदराची उडी, बटणाचं दुखणं
गेमिंग माऊसच्या खोक्यावर २६,००० डीपीआय (म्हणजे इंचामागे ठिपके) असं ठळक छापलेलं असतं. म्हणजे माऊस जेमतेम दोन मिलिमीटर सरकला की बाण १,९२० पिक्सेलचा अख्खा पडदा ओलांडून पलीकडच्या कडेला आपटणार! काउंटर-स्ट्राइकचे पट्टीचे खेळाडू मात्र बहुधा ४०० नाहीतर ८०० वरच खेळतात. मोठा आकडा म्हणजे चांगला सेन्सर, असं कुणी म्हणेल. पण हल्ली मध्यम किमतीचा सेन्सरही माणसाच्या हाताला पुरून उरतो. माऊस दगा देतो तो डाव्या बटणाखालच्या धातूच्या इवल्याशा पट्टीपायी. ती झिजली की एका दाबात दोन क्लिक, आणि ओढून नेलेली फाइल वाटेतच गळते. (दिवे मात्र सातही रंगांत लुकलुकत राहतात.) ऑप्टिकल स्विच प्रकाशावर चालतो, त्याला हे दुखणं नाही. तेव्हा दुकानदाराला आकडा नको, स्विच कोणता आणि वॉरंटी किती वर्षांची, ते विचारा.