दोन टिंबं मागे

जयपूरच्या परकोट्यात, म्हणजे जुन्या तटबंदीच्या आत, गल्लीला ‘रास्ता’ म्हणतात. गोपालजी का रास्ता, हल्दियों का रास्ता, मनिहारों का रास्ता. पत्त्यातच रस्ता. विट्याकडचे एक काका तिथे गलाईचं, म्हणजे सोनं गाळण्याचं, काम करतात. त्यांनी फोनवर मला पत्ता सांगितला तो असा : “जोहरी बाजारातनं हल्दियोंच्या रास्त्याला वळ, ऊंचा कुआं धर, तिसरा चौराहा सोडू नको, आणि मग कुणालाही विचार.” त्यात घराचा नंबर नव्हता. खरं म्हणजे घराविषयी काहीच नव्हतं. होतं ते नुसतं चालणं.

मी संगणकाच्या पोटात शिरून पोट भरतो, आणि तिथेही हाच कारभार आहे. फाइलचा पाथ म्हणजे चालायच्या सूचना. तिरक्या रेघेपाशी तोडायचं, एकेक नाव घ्यायचं, त्या कप्प्यात शिरायचं, पुढचं नाव शोधायचं. युनिक्समध्ये हे काम करणाऱ्या जुन्या कारकुनाचं नाव ‘नेमी’. लिनक्सच्या गाभ्यात त्या नावाची फाइल आजही आहे. माझे सहकारी त्याला ‘नेम-आय’ म्हणतात. मी नेमीच म्हणतो, कारण हा गृहस्थ नेम मोडत नाही. सांगाल तसा चालतो. आपण नेमकं काय सांगितलं हे आपल्यालाच माहीत नसतं, त्याला तो काय करणार!

पाथमध्ये एक टिंब म्हणजे ‘इथेच’ आणि दोन टिंबं म्हणजे ‘एक पायरी वर’. सगळ्यात वरच्या, मूळ कप्प्यात उभं राहून आणखी वर जा म्हटलं तर? नेमी तक्रार करत नाही. मुळाच्या वरचं मूळ ते स्वतःच, असं समजून तिथेच उभा राहतो. एका कचेरीत माझा कागद असाच टेबलाटेबलाने ‘वर विचारावं लागेल’ म्हणत चढत गेला होता. सर्वांत वरच्या साहेबांनीही तेच वाक्य म्हटलं, छताकडे पाहिलं, आणि सही केली.

तिरकी रेघ एकाऐवजी चुकून दोनदा पडली तर मधल्या प्रवासात नेमी ती एकच धरतो. पण अगदी सुरुवातीला बरोबर दोन रेघा आल्या, तर त्यांचा अर्थ ज्याच्या त्याच्या यंत्रणेने ठरवावा, अशी मुभा पॉसिक्स नावाच्या प्रमाणग्रंथात आहे. तीन किंवा जास्त आल्या की पुन्हा एकच! हे वाचून लोक हसतात. मी हसलो नाही. आपल्याकडे दारात ‘या’ म्हणजे या. ‘या, या’चा अर्थ त्या घरात आधी काय घडलंय त्यावर. आणि ‘या, या, या’ म्हटलं की पुन्हा साधं स्वागत.

खरी गंमत सिमलिंकची. सिमलिंक म्हणजे ज्याच्या दारावर ‘आत या’ लिहिलंय, पण आत पाऊल टाकलं की दुसऱ्याच मोहल्ल्यात निघतं असं घर. जयपूरला हे नवं नाही. 1727 साली सवाई जयसिंहाने हे नगर वसवलं, विद्याधर भट्टाचार्यांनी आखणी केली, नऊ चौकोनांचा नेटका पट मांडला. वायव्येला डोंगर आडवा आला, तेव्हा तिथला चौकोन उचलून नगराच्या दुसऱ्या बाजूला लावला. डोंगराला नकाशा दाखवून उपयोग नसतो.

तर एकदा गोपालजी का रास्तामध्ये एका हवेलीत शिरलो. आत जवाहिऱ्यांची दुकानं, चौक, जिना, पुन्हा चौक. बाहेर पडलो तो वेगळ्याच गल्लीत. बायकोचा फोन आला. “तिथून मागे ये.” मी मागे गेलो. पण त्या गल्लीचं ‘मागे’ आणि तिच्या मनातलं ‘मागे’ यांच्यामध्ये दोन चौक आणि एक जिना होता. संगणकात अगदी असंच होतं. शेल, म्हणजे आपल्या टाइप केलेल्या आज्ञा वाचणारा मध्यस्थ, तुम्ही कोणत्या दाराने आलात ते लक्षात ठेवतो, नेमीला फक्त पायाखालची फरशी कळते. सिमलिंकमधून आत जाऊन शेलला दोन टिंबं दिली की आलात तिथे पोचता. त्याच जागी उभं राहून दोन टिंबांतली यादी मागा, नेमी खऱ्या घराच्या बापाकडे जातो आणि भलत्याच स्वयंपाकघरातली भांडी मोजून देतो. दोघंही बरोबर असतात. संसारात हे मान्य व्हायला वेळ लागतो.

एका सिमलिंकने दुसरीकडे, दुसरीने तिसरीकडे धाडलं तर लिनक्समधला नेमी चाळीसपर्यंत जातो, मग हात टेकतो. काकांचं घर विचारताना मी अकराव्या माणसालाच टेकले.

उभे आहोत ती जागाच नाहीशी होणं, हेही होतं. कप्पा कुणीतरी पुसून टाकतो, तुम्ही आत तसेच उभे, आणि ‘मी कुठे आहे?’ असं गाभ्याला विचारलं तर उत्तर येतं, ‘असं काही नाही.’ मेट्रोसाठी बडी चौपड हा चौक खणलेला असताना माझा एक रिक्षावाला पत्र्याच्या कुंपणासमोर थांबून असाच बावरला होता. खाली जुनी कुंडं सापडली, वर पत्ता हरवला.

मराठी माणसाला मात्र वेगळाच फटका. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलव्यवस्थेत फाइलच्या नावाला 255 बाइट मिळतात. इंग्रजी अक्षराला एक बाइट, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, पाय मोडणं, सगळ्यांना वेगळे. नुसतं ‘ज्ञानेश्वर’ लिहिलं की 30 खर्च. म्हणजे 85 चिन्हांत आटपा. माझी आत्या फाइलला नाव देते तेच मुळी ‘सप्रेम नमस्कार’ पासून सुरू करून.

आणि आपला ऱ! ‘दुसऱ्या’ हा शब्द ऱ हे अखंड चिन्ह घेऊन लिहिता येतो, र खाली नुक्ता देऊन लिहिता येतो, शिवाय र, पाय मोडणं आणि त्यानंतर एक अदृश्य सांधा घालूनही. डोळ्यांना तिन्ही सारखेच. जुने मॅक नाव साठवताना ऱ फोडून र आणि नुक्ता वेगळे करत, लिनक्स आलं तसं ठेवतो. मग एका कप्प्यात ‘दुसऱ्या मजल्याचा हिशोब’ नावाच्या दोन फाइली शेजारीशेजारी, जुळ्यांसारख्या. मी त्यातली चुकीची उघडून तासभर बेरजा जुळवत बसलो होतो. नेमी बाइट मोजतो, रूप बघत नाही.

परवा हवामहलसमोर उभा होतो. 953 खिडक्या, फोटोत मावणार नाही एवढी गर्दी, आणि समोर दार नाही. माझा फोनवरचा मराठी आवाज ऐकून एक जोडपं जवळ आलं.

“आत कुठनं जायचं हो, दादा?”

“डावीकडे बडी चौपड, तिथून उजवीकडे, पुन्हा उजवीकडे. दार मागे आहे.”

बाईंनी महालाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

“मागे म्हणजे? त्याच्या मागे, की आमच्या?”

आणि मी उत्तर देण्याआधीच दोघंही वळून पाठीमागच्या दुकानात दार शोधायला लागली.